जिवतीच्या कागदावरची मुलगी

वाघाचं मांजर झालं ती चूक माझी. तेव्हाही कबूल केली, आजही करते. पण मुलीचा मुलगा झाला तो माझ्या हातून नाही, आणि ती चूकही नव्हती. तो धडधडीत अन्याय होता, शहाण्यासुरत्या माणसानं विचार करून केलेला. इतकी वर्षं लोटली, तरी श्रावण जवळ आला की माझं डोकं तापतं ते त्यामुळे.

आमचं घर रंगाऱ्यांचं, रत्नागिरीत, मिरकरवाड्याकडे उतरणाऱ्या वाटेवर. सासऱ्यांच्या हातात ठशांचं काम. लाकडावर चित्र उलटं कोरायचं, त्याला रंग लावायचा आणि कापडावर नाहीतर कागदावर उठवायचं. कापडावर रुमाल, पासोड्या, बाळंतिणीला द्यायची दुपटी, पुढे पुढे खादीसुद्धा. काळा रंग आम्ही घरीच करायचो. मिरकरवाड्याला जुनी होडी मोडली की तिचे गंजके खिळे मागून आणायचे आणि माठात गुळाच्या पाण्यात कुजत घालायचे. त्या माठाला असा वास सुटायचा की आलेला पाहुणा ओटीवरूनच काम सांगून परत जायचा. हरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कापडावर ते खिळ्यांचं पाणी लागलं की काळंभोर उठायचं, आणि धुऊन धुऊन कापड विरलं तरी ते जायचं नाही. ठसा कापडावर टेकवून वर मूठ आपटायची. माझ्या उजव्या हाताच्या कडेला त्याचा घट्टा अजून आहे, बघायचा तर या.

कागदाचं काम वर्षातून एकदाच, श्रावणाच्या आधी. जिवतीचे कागद. आषाढाच्या अवसेला दिवे घासूनपुसून पुजले की घरोघर देवाशेजारी हा कागद भिंतीला लागतो. वरती खांबातून निघालेला नरसिंह, शेजारी कालियाच्या फण्यावर कृष्ण. खाली बुध-बृहस्पती, एक हत्तीवर, एक वाघावर. आणि मधोमध जरा आणि जिवंतिका, दोघी बाया, मांडीवर, खांद्यावर, पायाशी पोरंच पोरं. श्रावणातल्या दर शुक्रवारी कागदाला आघाडा-दूर्वांची माळ घालायची, फुटाण्यांचा नैवेद्य दाखवायचा आणि पोरांना ओवाळायचं, त्यांना आयुष्य मिळावं म्हणून. पोर परगावी असलं तर चार दिशांना अक्षता टाकून ओवाळायचं.

आता पोरांना म्हणजे कोणाला, ते ऐका. पाटावर मुलगे बसायचे. मुली मागे भिंतीला टेकून उभ्या. मुलग्यांच्या तोंडावरून निरांजन फिरून झालं की उरलेल्या वातीवर कधीमधी एखादीला ओवाळलं तर ओवाळलं. फुटाणेही तसेच, मुलग्यांच्या मुठी भरल्यावर तळाचा चुरा पोरींना. पुजायच्या त्या बाया, पुजणाऱ्या त्याही बाया, आणि आयुष्य मागायचं ते मुलग्यांचं! मीही माहेरी भिंतीला टेकूनच वाढले, तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं हे खरं सांगते.

सासऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा मी नवी सून होते. आमचे हे आगबोटीवर खलाशी. पावसाळ्यात बोटी बंद असायच्या तेवढे दिवस घरी, पण लाकडाकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. मामंजी फणसाची फळी मांडीवर घेऊन नुसती चाचपत बसायचे. एक दिवस मला हाक मारून म्हणाले, "सूनबाय, चुलीकडचा काम राहूं दे. हिकडं बस." आळीत बोभाटा झाला. बाईमाणसानं देव कोरायचे? एक म्हातारे गृहस्थ मुद्दाम समजूत घालायला आले. मामंजींनी त्यांना पान दिलं आणि विचारलं, "कृष्ण काय बापयाच्या पोटी आला?" ते गृहस्थ पान न खाताच गेले.

मी पाच वर्षं नुसती पानंफुलं कोरली. फळी कशी निवडायची, चित्राचा कागद ओला करून उपडा कसा चिकटवायचा म्हणजे ठसा उलटा येतो आणि छाप सुलटा, पटाशी अंगठ्यानं कशी अडवायची, हे सगळं मामंजींनी मला न बघता शिकवलं. मी चुकले तर त्यांना आवाजावरून कळायचं. "घाई करतंस," म्हणायचे.

आमच्या घरात एक रीत होती. देवाचा ठसा कोरायचा तर त्यात आपल्या घरातलं काहीतरी एक ठेवायचं. आणि देवाचे डोळे सगळ्यात शेवटी, आंघोळ करून मग उघडायचे. मामंजींच्या जिवतीत एक रांगणारं पोर होतं, मागे वळून बघणारं, डोक्यावर जावळाचा शेंडा. ते आमचे हे. लहानपणी हे नेमके तसेच मागे वळून बघायचे म्हणे.

तो ठसा भुंग्यानं पोखरला. नरसिंह उरला, वाघ गेला, पोरांची निम्मी रांग पिठासारखी झडली. मामंजींनी बोटं फिरवून पाहिलं आणि माझ्यापुढे नवी फळी सरकवली. "नवा कर. तुज्या घरातला ठेव."

मिठाचा कायदा मोडला त्या साली झालेली माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. तिच्यानंतर मला मूल झालं नाही, पुढेही होणार नव्हतं. तिला शेंगेएवढी एक वेणी होती, ती कानामागून आडवी बाहेर यायची. दिवसभर हातात माडाच्या पातीचं भिरभिरं. मी जिवंतिकेच्या मांडीवर तिलाच बसवली. आडवी वेणी, परकर, हातात भिरभिरं. तिचे डोळे कोरले तेव्हा मी आंघोळ केली होती. देव होती का ती? नव्हती. तरी केली.

वाघाचं काय झालं ते सांगून टाकते. जुना वाघ झडून गेलेला. मी खरा वाघ पाहिला नव्हता, रात्री डोंगरातून ओरडतो तेवढाच ठाऊक. चुलीशी आमची मांजरी बसली होती, तिच्याकडे बघून मी बृहस्पतीच्या खाली वाघ कोरला आणि वर पट्टे ओढले. छाप निघाल्यावर आमचे हे हसून हसून लोळायचे बाकी राहिले. "बृहस्पती म्याऊवर बसलाय!" मामंजींनी ठशावरून बोट फिरवलं, मिशांपाशी थांबले, त्यांनाही हसू आलं. मग बोट वर गेलं, जिवंतिकेच्या मांडीशी.

"वेणी हाय?"

"हाय," मी म्हटलं.

ते थोडा वेळ तिथेच चाचपत राहिले. "भिरभिरा बरा जमलाय," एवढंच म्हणाले.

त्या वर्षी उंडीच्या तेलाच्या दिव्याची काजळी आणि काजूचा डिंक कालवून मी कागद उठवले. ठशावर शाई चिंधीच्या पोचाऱ्यानं लावायची, वर ओलसर कागद अंथरायचा आणि पाठीवरून गुळगुळीत घासलेली करवंटी फिरवायची. कागद नेहमीसारखे बाजारातल्या एका दुकानदारानं नेले. पूजेचं सगळं सामान त्याच्याकडेच मिळायचं. कोणी विचारलं नाही की मांडीवर मुलगी कशी. बघतं कोण इतकं? पण माझ्या लेकीनं बघितलं. श्रावणभर ती आळीतल्या घराघरांत शिरायची आणि बोट दाखवून सांगायची, "ही मी." बाया हसायच्या, हातावर फुटाणे ठेवायच्या. त्या वर्षी माझ्या पोरीला पहिल्या मुठीचे फुटाणे मिळाले.

पुढच्या वर्षी चैत्र-वैशाखात गोवराची साथ आली. आमच्या आळीतल्या दोन पोरी गेल्या. एकीच्या घरी मी बसायला गेले होते, तर शेजारची बाई तिच्या आईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणते, "देवाची कृपाच म्हण, मुलगे वाचले." आणि ती आई मान हलवत होती! माझी लेकही तापात होती, उठली. त्या श्रावणात मला तिला जिवतीपुढे बसवून ओवाळायचं होतं, पाटावर, सगळ्यांच्या आधी. फळी पुसून ठेवली, काजळी धरली. दुकानदाराचा निरोप येईना.

कारण त्यानं आमचे कागद घ्यायचेच नाहीत असं ठरवलं होतं. बोटी बंद व्हायच्या आधीच्या शेवटच्या आगबोटीनं मुंबईहून त्याचे गठ्ठे येऊन पडले होते. छापखान्यातले रंगीत जिवतीचे कागद. गुलाबी जिवंतिका, निळा कृष्ण, खाली त्याच्या दुकानाचं नाव. लोक तुटून पडले. मला त्याचं वाईट वाटलं, राग नाही आला. रंग सगळ्यांनाच आवडतात.

राग आला तो पहिल्या शुक्रवारी. लेक सकाळीच परकर नेसून शेजारी गेली आणि लगेच परत आली. दारातच उभी राहिली.

"आये, मी नाय तिथं."

"अगो, तो दुसरा कागद. मुंबयचा."

"नाय. माजा भिरभिरा हाय. मीच नाय. मला पुसलंनी."

मी तशीच ओल्या हातानं शेजारी गेले. भिंतीवर बघते तर नरसिंहाचा खांब माझा. हत्तीच्या सोंडेची गाठ माझी. बृहस्पती पिवळ्याधमक मांजरीवर बसलेला, मिशांसकट! माझी चूकसुद्धा त्यांनी जशीच्या तशी उचलली होती, वर रंग देऊन. आणि जिवंतिकेच्या मांडीवर माझी मुलगी बसली होती तिथे, तीच मान, तोच हात, हातात तेच माडाच्या पातीचं भिरभिरं. वेणी नाही. परकर नाही. कमरेला करदोटा, आणि तो मुलगाच आहे याबद्दल कोणाला शंका राहू नये एवढं स्पष्ट काढलेलं. मांजराला धक्का लावला नाही, मुलगी तेवढी दुरुस्त केली!

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. भिजत बाजारात गेले. दुकानदार कापराच्या वड्या मोजत होता. मी त्याच्यापुढे त्याचाच कागद धरला. "हा माझा ठसा."

"कशावरून?"

"ह्या वाघावरून."

त्यानं वाघाकडे पाहिलं, हसला. "बरं, असेल. एक नमुना पाठवला होता छापखान्यात. लोक जुनं ते ओळखतात, म्हणून. एवढं काय त्यात?"

"मांडीवर मुलगी होती."

"होती ना. मीच कळवलं त्यांना, ती वेणी काढा म्हणून." हे त्यानं असं सांगितलं, जसा काही कागदावरचा डाग काढायला सांगितला होता. "अगो, जिवती पुजायची ती मुलग्यांसाठी. पोरींसाठी कोण उपासतापास करतो? गिऱ्हाईक नाक मुरडतं."

"गेल्या वर्षी कुणी मुरडलं?"

"गेल्या वर्षी कुणाच्या लक्षात नाही आलं. माझ्या आलं." आणि पुन्हा कापूर मोजायला लागला.

घरी येईपर्यंत मी त्याला काय काय बोलायला हवं होतं ते सगळं वाटभर बोलले. मामंजींना सांगितलं. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाले, "ठसे चोरतात ता ठाव होता. माणूस पुसतात ता आज ऐकला."

दुपारी लेक कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसली होती. ज्या पोरीनं दोन महिन्यांपूर्वी आळीतल्या दोन मैत्रिणी जाताना पाहिल्या, तिला आयुष्याच्या कागदावरून पुसणं म्हणजे काय, ते तिला बरोबर कळलं होतं. ते दुकानदाराला कळलं नाही, मुंबईच्या छापखान्याला कळलं नाही. पाच वर्षांच्या पोरीला कळलं. मी तेव्हाच ठरवलं.

आमच्या ह्यांनी बोटीवरून एकदा एक तुकडा आणला होता. साहेबाच्या खोलीतली जमीन उखडली तेव्हा तिच्यावरचं अंथरलेलं निघालं होतं, त्याला लिनो म्हणतात म्हणे. वरून चिवट चामड्यासारखा, पाठीला तागाचं कापड, आणि जवसाच्या तेलाचा वास. लाकडाला नसा असतात, त्याला नव्हत्या, कुठल्याही बाजूला पटाशी सरळ जाते. गारठ्यानं तो कडक झाला होता, म्हणून चुलीच्या भानोशीवर, त्या मागच्या कट्ट्यावर, ऊब दिली आणि बोटभर मुलगी कोरली. वेणी जरा मोठीच कोरली. पाठीला लाकडाचा ठोकळा चिकटवला. डोळे उघडायच्या आधी पुन्हा आंघोळ केली, त्या दिवसातली दुसरी. ह्यांनी विचारलं, "आता काय करणार?" मी म्हटलं, "हळदीकुंकवाला जाणार."

पुढच्या शुक्रवारी ठसा कनवटीला, शाईची डबी ओटीत, आणि लेक हाताला धरून निघाले. शेजारणीकडे कुंकू लावून झाल्यावर म्हटलं, "कागद अर्धा आहे तुमचा. पुरा करून देते." जिवंतिकेच्या पायाशी मोकळी जागा होती. ठसा टेकवला, अंगठ्यानं दाबला, उचलला. लेकीनं जवळ जाऊन पाहिलं. परकर दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. शेजारीण कागदाकडे बघत राहिली. तिला मुलगे तीन आणि मुलगी एक. म्हणाली, "ही तुझी झाली. माझी?"

मी आणखी एक उठवली.

मग बोभाटा काय झाल्यावाचून राहतो? एकीनं हाकलून दिलं, देवाचा कागद बाटवला म्हणाली, तिला मी हात जोडले आणि पुढे गेले. एक म्हणाली, "कागदावर नको वैनी, सासूबाय बघतील," आणि पदराचं आतलं टोक पुढे केलं. ते हरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवायला सांगून दुसऱ्या दिवशी मी माठातलं खिळ्यांचं पाणी घेऊन गेले आणि तिच्या दोन्ही मुली तिच्या पदराच्या आत उठवल्या, कापडावर, न जाणाऱ्या. गोवरात जिची लेक गेली होती तिच्या दारावरून मी मान खाली घालून चालले होते. तिनंच हाक मारली. "माझी उठव," म्हणाली. मी म्हटलं, "ताई, जिवती जिवंत पोरांची..." ती म्हणाली, "माझी होती तेव्हा तरी कुठल्या कागदावर होती?" मी उठवली, आणि दाब हलका पडला म्हणून ती थोडी पुसट आली. ती बाई म्हणाली, "तशीच होती ती. बारीक."

श्रावणाच्या शेवटच्या शुक्रवारी दुकानदाराच्या घरून बोलावणं आलं, त्याच्या बायकोचं. मी जायची नव्हते. मामंजी म्हणाले, "ठसा घेऊन जा."

आजवर त्या घरी ठशांचं कापड द्यायला गेले तर मला ओटीपर्यंतच बोलवायचे. त्या दिवशी तिनं मला थेट माजघरात नेलं. दुकानदार जेवून आत झोपाळ्यावर बसला होता, मला बघून पान लावायचा थांबला. देव्हाऱ्याशेजारी त्याचाच कागद, त्याच्याच दुकानाच्या नावाचा, ताज्या माळेसकट. पाट मांडलेले होते. पण पाटावर बसायला मुलगा नव्हता. त्या घरात मुलगा नव्हताच. तिनं हाक मारली तशा आतून चार मुली आल्या, थोरली तेरा-चौदाची, धाकटी माझ्या लेकीएवढी.

पोरींसाठी कोण उपासतापास करतो, असं मला विचारणाऱ्या माणसाच्या घरात ती बाई सकाळपासून उपाशी होती.

"वैनी," ती म्हणाली, त्याला ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात, "माझ्या चार आहेत."

मी शाईची डबी उघडली. मुलींना म्हटलं, "कुठं बसायचंय ते तुम्हीच दाखवा." थोरलीनं जरेच्या खांद्याशी बोट ठेवलं. दुसरी हत्तीपाशी. तिसरीला मांजर आवडलं, ती मांजराच्या शेपटीशी बसली. झोपाळा करकरायचा थांबला होता. धाकटी टाचा उंच करून बराच वेळ कागद बघत राहिली, मग तिनं बोट नेलं ते सरळ जिवंतिकेच्या मांडीवर.

तिथं करदोटा घातलेला, भिरभिरंवाला मुलगा बसला होता. मी वळून झोपाळ्याकडे पाहिलं. दुकानदारानं पानाचा डबा पुढे ओढला आणि त्यात डोकं घातलं. मग मी माझी मुलगी बरोबर त्याच्यावर टेकवली आणि जरूर होती त्यापेक्षा जास्त जोरात दाबली.